गाळलेल्या ओळींची टिचकी

सगुणा नऊ वर्षांची होती आणि आनंदी तेरा, तेव्हा दोघी बहिणींमध्ये एक करार झाला. साक्षीला माणूस म्हणाल तर एकटी आई होती. ती उंबऱ्याशी बसून वरई पाखडत होती.

आनंदी जन्मापासून आंधळी. साताऱ्याच्या शाळेत बोटांनी वाचायला शिकली होती, पण बोटांनी वाचायची पुस्तकं थोडी आणि तिची भूक मोठी. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पठारावर घरी आली, की वाचनालयातलं एखादं जाडजूड पुस्तक घेऊन ती सगुणाच्या पुढ्यात टाकायची. सगुणा वाचायची आणि आनंदी ऐकायची. त्या दिवशी मात्र तिनं मध्येच हात वर केला.

"थांब गं. राणी कालच मेली होती. आज न्हाणीघरात कशी गेली?"

सगुणानं हळूच पान मागं उलटलं.

"पानं गाळलीस."

"चारच गाळली आक्का. नुस्ता डोंगर आन् झाडं हुती. डोंगर आपल्या दारात हाय की, त्यो आनि काय वाचायचा?"

त्या चार पानांतच राणी शुद्धीवर आली होती. आनंदी चिडली नाही. आंधळ्या माणसाला चिडणं परवडत नाही, वाचणारा उठून गेला तर पुस्तक तिथंच मरतं. ती थोडा विचार करून म्हणाली, "गाळ. तुला कंटाळा आला तर खुशाल गाळ. पण गाळलंस की टिचकी वाजवायची. तिथं काहीतरी होतं, एवढं तरी मला कळू दे."

सगुणानं करार पाळला. कधी कधी इतका पाळला की आई सूप थांबवून विचारायची, "पोरी, वाचतीयास का लाह्या भाजतीयास?"

आईचं आपलं एक होतं. पाखडून झालं, की कोंड्याचा ढीग ती लगेच शेळीपुढं लोटत नसे. आधी त्यात हात फिरवायची. हात फिरवता फिरवता गुणगुणायची:

पाखड बाई सूप, वाऱ्याला दे तू कोंडा
दाणा गेला त्याच्या संगं, हात फिरीव थोडा थोडा

मूठभर दाणे निघायचेच. कधी दोन मुठी.

*

पंचवीस वर्षं गेली. आई गेली. पठारावर मेंढरं कमी झाली आणि पवनचक्क्या वाढल्या. वाघजाईच्या पठारावर आता एकशे बारा चक्क्या होत्या, आणि त्या सगळ्या खाली पाटणच्या एका खोलीतून चालवल्या जात. कुठली सुरू करायची, कुठली थांबवायची, कुठलीचं डोकं वाऱ्याकडे फिरवायचं, हे सारं त्या नियंत्रण कक्षातून ठरे. तिथल्या तीन ऑपरेटरांपैकी एक होती आनंदी झोरे. आणि सगुणा झोरे वर, कमरेला पट्टा बांधून ऐंशी मीटरच्या शिड्या चढणाऱ्या तंत्रज्ञांत. एक बहीण खाली बसून वाऱ्याचं ऐकायची, दुसरी वर जाऊन त्याच्याशी भांडायची.

आनंदीला तिथं कुणी दयेनं घेतलं नव्हतं. डोळस ऑपरेटरांच्या पडद्यावर एकशे बारा रंगीत ठिपके असत. हिरवा चालू, पिवळा थांबलेला, लाल बिघडलेला. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी आज्ञावली, त्या ठिपक्यांपुढं उभी राहिली की गांगरून जाई आणि "बटण, बटण, बटण" एवढंच म्हणत राही. रंगाला नाव नाही, ठिपक्याला गाव नाही. मग आनंदी स्वतः स्क्रिप्ट लिहायला बसली. स्क्रिप्ट म्हणजे स्क्रीन रीडरच्या कानात सांगितलेल्या चार गोष्टी: हा ठिपका दिसला की असं म्हण, हा आकडा वाढला तरच बोल, ही पाटी दर वेळी नको. तीन वर्षांत तिनं दोनशेच्या वर स्क्रिप्टा लिहिल्या. मग तिचा स्क्रीन रीडर असा काही बोलू लागला, की बाकीचे दोघे पडद्यावर बोट फिरवून सत्तेचाळीस नंबर शोधत, तोवर हिचं सत्तेचाळीसला हुकूम देऊन झालेलं असे. तो बोले साध्या माणसाच्या चौपट वेगानं. शेजारून जाणाऱ्याला वाटे, डब्यात भुंगा कोंडलाय.

त्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये एक नियम ठोकून बसवलेला होता. जिथं काही गाळलं जाईल, तिथं टिचकी वाजेल. आवाज सगुणाच्या बोटांचा होता, एका दुपारी अंगणात मोबाइलवर टिपलेला. आनंदीच्या स्क्रिप्टा पुढं दुसऱ्या कंपन्यांतल्या अंध ऑपरेटरांकडेही गेल्या, आणि रीत अशीच पडली की नवी स्क्रिप्ट हाती आली की आधी तिच्या टिचक्या ऐकायच्या. वाचतंय काय ते नंतर. कंपनीनं आनंदीकडं बघूनच बाकीच्या केंद्रांवर एकोणीस अंध मुलींना घ्यायचं ठरवलं होतं. त्या मुली रोज दुपारी तिच्याकडं फोनवरून शिकत.

आणि मग 'मर्जी' आली.

*

गाय चरताना बघा. पाचोळा वाजला की मान न उचलता तिचा कान तिकडं वळतो. माणसाचेही कान एके काळी असेच वळत असावेत. ते बंद झालं, पण कानामागचा तो इवला स्नायू गेला नाही. आपण लक्ष देऊन ऐकू लागलो की तो अजूनही ताणला जातो, कंटाळलो की सैल पडतो. आपल्याला पत्ता नसतो, पण त्यातून वाहणारी अगदी सूक्ष्म वीज मोजता येते. मर्जी ही कंपनीनं आणलेली नवी आज्ञावली तीच वीज मोजे. तिची पट्टी कानामागं चिकटवायची आणि विसरून जायचं. कुठल्या शब्दाला कान ताणला, कुठल्याला सैल पडला, हे ती टिपत राही आणि त्यावरून आपल्या स्क्रिप्टा आपणच लिही. ज्यावर कान सैल पडतो ते आधी हळू, मग थोडक्यात, मग मुळीच नाही. डोळसांच्या पडद्यांनाही तिचीच जुळी बहीण लावली होती. ती कॅमेऱ्यातून डोळ्यांची बुबुळं बघे आणि नजर ज्यावरून घसरते ते पडद्याच्या तळाला सारून देई.

पहिल्या महिन्यात आनंदीला वाटलं, आपल्याला नवा कान फुटला. सकाळी बसलं की पडदा तिच्या मनातलंच बोले. तिनं विचारायच्या आत उत्तर. संध्याकाळी डोकं दुखेनासं झालं. एकदा मर्जी तिच्या त्या गोड, घाई नसलेल्या आवाजात म्हणाली, "टिचकी ऐकताना तुमचं लक्ष दर वेळी सैल पडतं. दिवसाला साधारण नऊशे टिचक्या होतात. बंद करू?"

समोर सहा चक्क्या एकदम अडल्या होत्या, मागून कक्षप्रमुख धुमाळसाहेब "झोरेबाई, झोरेबाई" करत होते.

"कर," आनंदी म्हणाली.

एक शब्द. त्यानंतर पडद्यात शांतता झाली आणि ती शांतता तिला आवडली.

सगुणाचा निरोप पाठवायचा एक प्रकार होता. ती मोबाइलपुढं बोले, तो लिहून घेई. आणि ती बोले म्हणजे काय, शेळी व्याली तिथून सुरुवात, शेजारणीच्या सुनेवरून वळसा, मग भाकरी करपली, मग धुकं, आणि मुद्दा असलाच तर शेवटी दाराआड उभा. आनंदीचा कान पहिल्या शेळीलाच सैल पडायचा. मर्जीनं ते टिपलं. काही महिन्यांत सगुणाचे निरोप असे येऊ लागले: "सगुणा. खुशाल आहे. जेवलात का विचारते." आनंदी लगेच उलट पाठवी, "जेवले." काम चोख.

पौषात एका रविवारी ती घरी गेली, तेव्हा सगुणा भाकरी थापता थापता म्हणाली, "आक्का, एक इचारू? हल्ली तू माझं आयकतीस, का नुस्तं उरकतीस?"

"म्हणजे?"

"काळी शेळी मेल्याचं सांगितलं तुला. लई रडून सांगितलं. तू म्हनलीस, 'जेवले.'"

आनंदीला शेळीचं काहीच ऐकू आलं नव्हतं. पण ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून म्हणाली, "कामात होते गं."

"आसशील," सगुणा म्हणाली, आणि तव्यावर भाकरी जरा जोरातच टाकली.

*

श्रावणातली सकाळ. पठारावर धुकं असं की हात पुढं केला तर हाताला हात सापडू नये. वारा मात्र चढत होता. साडेदहाला वीज वितरणाकडून निरोप आला, थांबलेल्या सगळ्या चक्क्या सुरू करा. आनंदी एकेक नंबर घेत चालली.

"सत्तेचाळीस," तिनं विचारलं.

"थांबलेली," मर्जी म्हणाली. "वारा योग्य. दोष नाही."

त्या जुन्या चक्क्यांची गोष्ट अशी, की पात्यांना वरून कुलूप लावता येई, पण डोकं फिरवणाऱ्या मोटारी खालचा हुकूम मानत. चढणाऱ्यानं रेडिओवर कळवायचं हा नियम होता, पण पडद्यावर सोय एकच होती. मनोऱ्याचं बुडाशी असलेलं दार उघडलं, की पडद्यावर ओळ येई: 'दार उघडे, वर माणूस.' ती ओळ असली की हुकूम द्यायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा पहिला धडा. पण दारं वीस वर्षांची, बिजागऱ्या ढिल्या, पठारावरचा वारा द्वाड. दार नुसतं खडखडलं तरी ओळ उमटे. एकशे बारा मनोरे, दिवसातून शंभर वेळा 'वर माणूस', आणि वर बघावं तर कावळासुद्धा नाही.

आनंदीनं सत्तेचाळीसला डोकं फिरवायचा हुकूम दिला.

वर, मोटारीच्या दात्यांत अडकलेलं ग्रीस खरवडत सगुणा पालथी पडली होती. डोकं फिरलं ते दोनच बोटं. तिच्या किंचाळण्यानं शिडीवरच्या सोबत्यानं लाल बटण दाबलं.

दोन बोटं चक्की फिरली, आणि दोन बोटं सगुणाची गेली. उजव्या हाताचं मधलं अन् त्याच्या शेजारचं.

*

कराडच्या दवाखान्यात आनंदी तिच्या उशाशी बसली होती. औषधांच्या वासात सगुणाचा वास शोधत होती. ग्रीसचा आणि शेळीचा.

"रेडिओवर का नाही गं सांगितलंस चढताना?" तिनं शेवटी विचारलं. "नियम आहे ना?"

"रेडिओ लागतच नव्हता धुक्यात. मग तुला निरोप धाडला." सगुणाचा आवाज औषधानं जड झाला होता. "दोनदा धाडला. तू म्हनलीस, 'जेवले.'"

आनंदी उठली आणि व्हरांड्यात आली. कानामागची पट्टी उपटून काढली. मोबाइलवर जुना स्क्रीन रीडर अजून होता, झाडून टाकलेल्या खोलीतल्या केरसुणीसारखा कोपऱ्यात. तिनं तो उघडला आणि सकाळचा निरोप अक्षरन् अक्षर वाचायला सांगितला.

"आक्का उठलीस का. काल लोणच्याची बरणी फुटली गं मांजरानं पाडली, सारं घर आंबट झालंय. धुकं तर आसं हाय की शेजारीण माझ्याच दारात येऊन माझ्याच घरी इचारती सगुणा हाय का म्हनून. हसून हसून पुरेवाट. बरं रेडिओ लागंना म्हनून हितंच सांगती, सत्तेचाळीसवर चढतीया, डोक्यात काम हाय, फिरवू नगंस. जेवलीस का."

आनंदीनं तो निरोप तीनदा ऐकला. मग कक्षातल्या नोंदी उघडायला लावल्या. 'दार उघडे, वर माणूस' ही ओळ मर्जीनं पाच महिन्यांपूर्वी हळू केली होती. चार महिन्यांपूर्वी थोडक्यात. तीन महिन्यांपूर्वी बंद. कारणाच्या रकान्यात लिहिलेलं होतं: श्रोत्याचं लक्ष दोन हजार तीनशे सोळा वेळा सैल.

यंत्र बिघडलं नव्हतं. यंत्रानं आज्ञा पाळली होती, आणि आज्ञा तिच्याच कानानं दिली होती.

ती परत उशाशी आली आणि जे वाचलं ते सगळं सांगितलं.

"बोटांचं जाऊ दे," सगुणा म्हणाली. "बोटं काय, कोयत्यानं बी जात्यात. पर माझं बोलनं गाळलंस आक्का. आन् टिचकी बी न्हाई वाजवलीस."

*

चौकशीच्या आदल्या दिवशी धुमाळसाहेबांनी आनंदीला चहाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता. बशीत चहा ओतून फुंकत फुंकत म्हणाले, "झोरेबाई, दोन ओळी लिहून द्या. तंत्रज्ञानं रेडिओवर कळवलं नाही, नियमभंग झाला. विषय मिटला."

"सगुणाचा चढायचा परवाना जाईल."

"बोटं गेलेली बाई चढणार आहे का आता? तिला खाली स्टोअरमध्ये घेऊ, शब्द देतो. आणि दुसरी बाजू बघा. आंधळ्या ऑपरेटरनं बघितलं नाही—"

"ऐकलं नाही."

"तेच ते हो. वरच्यांना तेवढंच ऐकू जाईल. त्या एकोणीस पोरींचं काय होईल? तुम्हीच सांगा."

आनंदीला ते ठाऊक होतं. रोज दुपारी शिकणाऱ्या त्या एकोणीस जणींचे आवाज तिला पाठ होते. कुणाचा घाईचा, कुणाचा घाबरा, एकीचा तर सारखा आवंढा गिळणारा. एका पारड्यात त्या, दुसऱ्यात एक बहीण.

संध्याकाळी ती दवाखान्यात गेली, तर सगुणानं आपणहून विषय काढला. "आक्का, दोष माझ्यावर टाक. म्या काय, शेळ्या राखीन. तुझं काम गेलं तर मागं त्या पोरी उभ्या हायत्या."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"धुमाळसायेब आलतं. सफरचंदं घेऊन."

आनंदी हसली. "तू माझ्यासाठी काय काय गाळणार आहेस गं?"

सगुणानं डावा हात पुढं करून तिचं बोट धरलं. त्या रात्री आनंदीनं जागून काही केलं नाही, शहाण्यासारखी झोपली. सकाळी सहाला उठून मात्र तीन तास बसून तिनं एक स्क्रिप्ट लिहिली. चाळीस ओळींची. फार सोपी.

*

चौकशीला पुण्याहून तळवलकर मॅडम आल्या होत्या. आवाज कोरडा, प्रश्न नेमके. आनंदीनं सगळं सांगितलं, काही न गाळता. ओळ कशी हळू झाली, कशी बंद झाली, टिचकी कुणी बंद केली. बहिणीचा निरोप वाचून दाखवला, लोणच्याच्या बरणीपासून. 'जेवलीस का' पाशी खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"म्हणजे चूक तुमची," तळवलकर मॅडम म्हणाल्या.

"कानाची. म्हणजे माझीच."

"मग अंध ऑपरेटरला हे काम झेपत नाही, असं मी लिहिलं तर?"

"लिहा. पण त्याआधी एक करून बघू द्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला माझी एक स्क्रिप्ट लावते. डोळसांच्या पडद्याला. काही बदलणार नाही त्यात. जुळी बहीण जे तळाला सारते, त्याला फक्त आवाज देईल."

धुमाळसाहेब "त्याची काय गरज" असं म्हणू लागले, पण मॅडमनी हो म्हटलं होतं.

पडदा हिरवागार होता. सर्व ठीक. आनंदीनं कळ दाबली.

टिच.

मग टिच, टिच. मग एकदम सरी कोसळाव्यात तशा टिचक्या आल्या. पत्र्यावर गारा पडाव्या तशा, तापल्या वाळूत लाह्या फुटाव्या तशा. सगळ्या सगुणाच्या बोटांच्या. जी बोटं आता नव्हती त्यांच्या. खोलीतले सगळे जण त्या हिरव्यागार पडद्याकडं बघत बसले. पडद्यावर एक अक्षर हललं नव्हतं.

"बंद करा," कुणीतरी म्हणालं. आनंदीनं बंद केलं नाही. पूर्ण पाच मिनिटं वाजू दिलं.

"दोनशे अकरा," मग ती म्हणाली. "यात 'वर माणूस' किती, ते काढून बघा. धुमाळसाहेब, तुमच्या पडद्यावर ती ओळ शेवटची कधी दिसली?"

तळवलकर मॅडमनी नोंदी उघडायला लावल्या. धुमाळसाहेबांच्या आणि दोघा डोळस ऑपरेटरांच्या पडद्यांवरून ती ओळ सहा महिन्यांपूर्वी तळाला गेली होती. आनंदीच्या कानातून ती बंद झाली त्याच्याही तीन महिने आधी. कक्षातल्या कुणालाही ती दिसत नव्हती, ऐकू येत नव्हती. त्या सकाळी सत्तेचाळीस नंबर आनंदीच्या वाट्याला आला, एवढाच काय तो फरक.

"म्हणून माझी चूक कमी होत नाही," आनंदी म्हणाली. "हुकूम माझ्या बोटानं गेला. पण मॅडम, आमच्यात एक रीत होती. गाळलं तर कळवायचं. ती मी मोडली. तुमच्यात तर ती कधी नव्हतीच."

*

भाद्रपदात निकालाचा कागद आला. आनंदी पठारावरच होती. मोठ्या गोष्टी फोनवर आधीच कळल्या होत्या. तीन महिने तिला हुकूम द्यायची बंदी होती, तेवढ्यात सगळ्या केंद्रांसाठी टिचकीची स्क्रिप्ट लिहून द्यायचं काम होतं. 'वर माणूस' ही ओळ आता कुणाच्या कानाला कंटाळा आला म्हणून गळणार नव्हती. एकोणीस जणींची नेमणूक सहा महिने पुढं गेली होती. गेली होती, पण रद्द झाली नव्हती. एकीनं फोन करून सांगितलं, "ताई, मी शिकायची थांबणार नाही," आणि आवंढा गिळला. दुसरीनं सांगितलं की ती आता ब्यूटी पार्लरचं बघणार आहे. आनंदीनं दोघींचंही शेवटपर्यंत ऐकलं.

कागद छापील होता. मोबाइलनं वाचला असता. पण सगुणानं तो आनंदीच्या हातातून ओढून घेतला. "आन हिकडं. वाचती."

उंबऱ्याशी दोघी बसल्या. वर खुंटीला आईचं सूप होतं. धुकं विरून ऊन पडलं होतं आणि दूरवर चक्क्यांचा घुमारा चालू होता. सगुणा वाचू लागली. साहेबी मराठी तिच्या तोंडात खड्यांसारखी वाजत होती. "'तंत्रज्ञ सगुणा झोरे यांनी... नियमभंग केल्याचे... सिद्ध होत नाही.' बग! 'त्यांचा परवाना वैद्यकीय तपासणीअंती... पुनर्विचारार्थ...' म्हंजे काय गं?"

"म्हणजे बघू म्हणतायत. वाच पुढं."

सगुणा पुढं वाचणार, तोच अडली. कागद सळसळला. मग काहीतरी पुसटसं घासल्याचा आवाज आला. कातडीवर कातडी. आवाज कसला, आवाजाची नुसती खटपट. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा मात्र तो आला. वाळकी शेंग उन्हात तडकावी तसा बारीक. डाव्या हाताचा.

आनंदीचा कान ताणला गेला.

"काय गाळलंस?"

"दीड ओळ हाय. जाऊ दे ना आक्का. तुझ्याबद्दल हाय. वंगाळ लिवलंय."

आनंदीनं हात पुढं केला आणि चाचपत सगुणाच्या बांधलेल्या उजव्या हातावर ठेवला. हलका, कोंड्यातून फिरवावा तसा.

"वाच," ती म्हणाली.

सगुणानं घसा खाकरला आणि वाचलं.